अंधारात उघडं दार



मगाशी दीपप्रज्वलन झालं आणि लगेच वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत आपण दोनेक मिनिटं अंधारात बसलो होतो. आयोजकांची धावपळ झाली, पण माझं काम सोपं झालं. कारण मला आज तुम्हाला जो पहिला प्रश्न विचारायचा होता, तो त्या अंधारातच विचारण्यासारखा होता. त्या दोन मिनिटांत आपले डोळे काय करत होते? तुम्ही म्हणाल, काय करणार, दिसायलाच काही नव्हतं, विसावले असतील. तसं नाही. त्या दोन मिनिटांत आपल्या डोळ्यांतल्या कोट्यवधी पेशी भर उजेडात करतात त्याहून जास्त कष्ट उपसत होत्या. डोळ्याला अंधारात सुट्टी नसते.

हे मला कळलं मेडिकलला गेल्यावर. पण त्याची ओढ लागली होती शाळेत, ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्या सरांमुळे.

तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना आठवत असेल, तिन्हीसांजेनंतर सरांना दिसत नसे. जादा तास लांबला की आमच्यापैकी एकजण त्यांना घरापर्यंत सोडायला जायचा. सर आपला उजवा हात आमच्या खांद्यावर ठेवत आणि रस्ताभर गुरुत्वाकर्षण नाहीतर दोलक शिकवत. पुढे पुढे दिवसाही त्यांच्या नजरेचं वर्तुळ लहान होत गेलं. फळ्यावर स्वतः लिहिलेलं समीकरण त्यांना स्वच्छ दिसायचं, पण शेजारी उभा राहिलेला मुलगा दिसायचा नाही. गावाने त्यांना रातांधळे ठरवलं आणि गावाला ठाऊक होते ते सगळे उपाय केले. गाजरं झाली, शेवग्याचा पाला झाला, बकरीचं काळीज झालं. गाव चुकलं होतं का? पूर्ण नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, आणि ते मिळालं की बहुतेक वेळा जातोही. पण सरांच्या डोळ्यांत कच्चा माल कमी नव्हता. त्यांचा आजार जन्मासोबत आलेला होता. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा म्हणतात. सरांच्या आईचीही एक गोष्ट आहे, ती मी शेवटी सांगेन.

आता डोळ्याच्या आत जाऊ.

डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून दृष्टिपटल असतं. जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. त्यात एका डोळ्यामागे सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि सुमारे ६० लाख शंकुपेशी. दंडपेशी मंद उजेडाच्या. शंकुपेशी दिवसाच्या, रंगांच्या, बारीक अक्षरांच्या. प्रत्येक पेशीभोवती एक तेलकट पडदा असतो. मीठ पाण्यात विरघळलं की त्यातले सोडियम आणि क्लोरिन विद्युतभार घेऊन सुटे होतात. असे भार असलेले कण म्हणजे आयन. आयनाला तेलकट पडदा ओलांडता येत नाही. त्याला दार लागतं. हे दार प्रथिनाचं असतं, पडद्यात आरपार बसवलेलं. त्याला आयनमार्ग म्हणतात.

जुन्या वाड्याचा दरवाजा आठवा. मोठा दरवाजा बंद, आणि त्यातच एक छोटी दिंडी, एका वेळी एकच माणूस वाकून आत जाईल एवढी. आयनमार्ग तसा असतो. कोण आत येणार हे ठरलेलं, आणि दिंडी कधी उघडायची तेही ठरलेलं. दंडपेशीच्या दिंडीवर जो राखणदार आहे त्याचं नाव सायक्लिक जीएमपी. हा एक छोटा रेणू. तो दिंडीला आतून चिकटला की ती उघडते, सुटला की मिटते.

आता मला सांगा, ही दिंडी केव्हा उघडी असायला हवी? उजेड पडल्यावर, असंच कुणालाही वाटेल. उजेड आला, दार उघडलं, खबर आत गेली. शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. पण प्रत्यक्षात आहे उलटं. अंधारात दारं उघडी असतात. सोडियम आणि कॅल्शियम आत येत राहतात, आणि पेशी पंप लावून सोडियम बाहेर उपसत राहते, गळक्या होडीतून पाणी उपसावं तसं. डोळ्याचे कष्ट म्हणालो ते हे. मग उजेडाचा कण येतो. तो दंडपेशीतल्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनावर आदळतो, तिथून एक साखळी सुरू होते, तिच्या शेवटी एक विकर सायक्लिक जीएमपी तोडून टाकतं. राखणदार गेला, दिंडी मिटली. आत येणारा प्रवाह थांबला आणि पेशीच्या आतला ऋणभार वाढला. पुढच्या पेशीला ती अंधारभर जे रसायन सोडत होती ते तिने कमी केलं. हे कमी होणं हीच खबर. आपण ज्याला दिसणं म्हणतो त्याची सुरुवात एक दार मिटण्याने होते.

आणि किती नाजूक! प्रकाशाचा एक कण, फक्त एक, एका दंडपेशीतली शेकडो दारं मिटवू शकतो. एका कणाला एक पेशी उत्तर देते हे १९७० च्या दशकाअखेरीस पेशीचा बाहेरचा भाग बारीक काचनळीत ओढून घेऊन मोजलं गेलं. मी विद्यार्थ्यांना हे दरवर्षी शिकवत आलो आणि दरवर्षी हा आकडा सांगताना माझा आवाज थोडा वर जातो. आजही गेला असेल.

हे उलटं गणित पहिल्यांदा पाहिलं जपानमध्ये त्सुनेओ तोमिता यांनी. कार्प माशाच्या शंकुपेशीत विद्युतशलाका घुसवायची होती आणि ती घुसत नव्हती, पेशी सरकून जायची. म्हणून त्यांनी शलाकेऐवजी दृष्टिपटलालाच सूक्ष्म झटके दिले, जेणेकरून पेशी शलाकेवर येऊन बसावी. आणि १९६५ मध्ये त्यांनी दाखवलं की उजेड पडला की पेशी उत्तेजित होण्याऐवजी शांत होते. मग वीस वर्षं वाद चालला की दारावर राखणदार कोण. बऱ्याच मोठ्या लोकांचा पैजेचा घोडा कॅल्शियम होता. १९८५ मध्ये मॉस्कोच्या दक्षिणेला पुश्चिनो इथे फेसेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकाच्या दंडपेशीच्या पडद्याचा एक तुकडा काचनळीच्या टोकावर धरला आणि त्याच्या आतल्या बाजूला सायक्लिक जीएमपी लावलं. प्रवाह सुरू. धुऊन टाकलं. प्रवाह बंद. मध्ये कुणी दलाल नाही, दुसरं कुठलं रसायन नाही. राखणदार सापडला. चार वर्षांनी, १९८९ मध्ये, गाईच्या डोळ्यातल्या त्या दाराचं जनुक जर्मनी आणि जपानमधल्या शास्त्रज्ञांनी मिळून वाचलं.

जनुक वाचता आलं, म्हणजे त्यातली चूकही वाचता येणार. इथून माझा दुसरा मुद्दा सुरू होतो.

हे दार अखंड नसतं. चार फळ्या जोडून ते बनतं. दंडपेशीच्या दारात तीन फळ्या सीएनजीए१ जनुकाच्या आणि एक सीएनजीबी१ ची. शंकुपेशीत तोच नमुना, जनुकं वेगळी: सीएनजीए३ आणि सीएनजीबी३. यातल्या एका फळीत एखादं अमिनो आम्ल बदललं तर काय होईल? दंडपेशीचं दार बिघडलं तर आधी रात्र जाते, मग कडा जातात, मग वर्तुळ आवळत येतं. सरांसारखं. १९९५ मध्ये सीएनजीए१ मधले दोष रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या काही कुटुंबांत सापडले. त्या आजाराला आज डझनावारी वेगवेगळी जनुकं कारणीभूत असल्याचं माहीत आहे, त्यातली सीएनजीए१ आणि सीएनजीबी१ ही दोन. सीएनजीबी१ ची एक गंमत सांगतो. तीच फळी आपल्या नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशींच्या दारातही बसवलेली असते. म्हणून ज्यांचं सीएनजीबी१ बिघडलेलं असतं त्यांच्यातल्या अनेकांची वासाची जाणीवही मंद असते. किती जणांनी डॉक्टरला ते कधी सांगितलंच नसेल. डोळ्याच्या दवाखान्यात नाकाबद्दल कोण बोलतो?

आणि शंकुपेशीचं दार बिघडलं तर? तर दिवस जातो.

यासाठी मला तुम्हाला प्रशांत महासागरात न्यायचंय. मायक्रोनेशियात पोनपेई बेटाच्या पूर्वेला पिंगेलाप नावाचं एक प्रवाळबेट आहे. १७७५ च्या सुमारास तिथे लेंगकिएकी नावाचं चक्रीवादळ आलं. वादळाने माणसं नेली, उरलेल्यांतली बरीच उपासमारीने गेली. राहिली वीसेक माणसं. त्यांत तिथला राजा होता, त्याला नानम्वार्की म्हणतात. काही पिढ्या गेल्या. बेटावर अशी मुलं जन्मू लागली की जी उन्हात डोळे उघडू शकत नव्हती, ज्यांची बुबुळं सारखी थरथरत आणि ज्यांना कुठलाही रंग दिसत नव्हता. बेटाच्या भाषेत त्याला मास्कुन म्हणतात, म्हणजे 'न दिसणं'. जगात हा आजार ३० ते ४० हजारांत एकाला होतो. पिंगेलापवर वीस माणसांमागे एक तरी असा आहे, कुणाच्या मोजणीत त्याहून जास्त. आणि जवळजवळ तीसेक टक्के लोक स्वतः नीट पाहतात पण सदोष प्रत सोबत बाळगतात. वंशावळी मागे मागे नेल्या तर त्या राजापर्यंत जाऊन पोचतात.

२००० साली दोष सापडला. सीएनजीबी३ जनुकात, ४३५ व्या जागेवर. तिथे सेरीन असायचं, फेनिलअलनिन बसलं होतं. आठशेहून जास्त मण्यांच्या माळेत एक मणी बदललेला. पावणेदोनशेहून जास्त वर्षं बेटावर इतकी मुलं ऊन टाळत राहिली, शाळेत फळा न दिसता बसली, आणि त्या सगळ्यामागे हा एक मणी.

त्या बेटावर १९९४ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स गेले. त्यांच्यासोबत नॉर्वेचे क्नूट नॉर्डबी होते. नॉर्डबी स्वतः दृष्टीचे अभ्यासक आणि स्वतः जन्मतः पूर्ण रंगांध. उन्हात डोळे मिचकावणारा, काळा चष्मा लावलेला एक मोठा माणूस, जो शिकला आहे, संशोधक झाला आहे, जग फिरतो आहे. बेटावरच्या त्या मुलांनी असा माणूस आधी कुठे पाहिला असणार? नॉर्डबींनी सोबत गडद चष्मे नेले होते, ते वाटले. मला या साऱ्या हकिगतीत जनुकाच्या शोधाइतकंच हे चष्मे वाटणं महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक. मास्कुन असलेली माणसं रात्रीच्या मासेमारीत वाकबगार समजली जातात. त्यांच्या दंडपेशी शाबूत आहेत ना! चांदण्यात, मशालीच्या उजेडात, ती आपल्यापेक्षा कमी पाहत नाहीत. मराठीत घुबडाला दिवाभीत म्हणतात आणि तो शब्द आपण शिवीसारखा वापरतो. दिवसाला भिणारा. या मुलांना दिवसाची भीती नसते, त्यांचा दिवस दुखतो. आपल्याकडेही वर्गात असं एखादं मूल असतं. मैदानावर कवायतीला उभं राहत नाही, डोळे बारीक करतं, फळ्यावरचं उतरवत नाही, 'हिरवा खडू आण' म्हटलं की चुकीचा आणतं. गुरुजी म्हणतात आळशी आहे, आई म्हणते नाटकी आहे. एकदा तरी त्याला सावलीत उभं करून विचारा की आता कसं वाटतंय.

दार बिघडण्याच्या आणखी तऱ्हा आहेत, त्यांतल्या दोनच पटकन सांगतो. दृष्टिपटलाच्या मागच्या रंगद्रव्याच्या थरात क्लोराइडचं दार असतं, बेस्ट्रोफिन. १९०५ मध्ये फ्रीड्रिख बेस्ट या जर्मन डॉक्टरांनी एका कुटुंबात दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या पीतबिंदूच्या जागी अंड्याच्या बलकासारखा पिवळा डाग पाहिला होता. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचं जनुक १९९८ मध्ये मिळालं, ते याच दाराचं. इथे एकाच पालकाकडून आलेली सदोष प्रत पुरते. दुसरी तऱ्हा अशी की दार धड असतं, पण सायक्लिक जीएमपी तोडणारं विकरच बिघडलेलं. मग राखणदार हटतच नाही, दिंडी सताड उघडी राहते, आणि दंडपेशी मरून जातात. म्हणजे दार मिटलेलं राहिलं तरी नुकसान, उघडं राहिलं तरी नुकसान. जगायला उघडझाप लागते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. उपाय काय?

आशेची सुरुवात कुत्र्यांपासून झाली. अलास्कन मॅलम्यूट जातीच्या काही कुत्र्यांत तेच सीएनजीबी३ बिघडलेलं असतं. पिल्लू संध्याकाळी व्यवस्थित पळतं आणि दुपारी खुर्चीवर आपटतं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूत चांगलं जनुक भरून ते दृष्टिपटलाखाली सोडलं, तर ही कुत्री दिवसा वाट काढू लागली. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण लहान कुत्र्यांत गुण चांगला आला, मोठ्यांत फारसा आला नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे माणसांतही तोच प्रश्न उभा राहतो. इस्रायलमध्ये अवासी जातीच्या मेंढ्यांत सीएनजीए३ चा दोष मिळाला. तिथेही जनुक दिल्यावर दिवसा धडपडणाऱ्या मेंढ्या सरळ चालू लागल्या. मग माणसं. जर्मनीत ट्युबिंगन इथे सीएनजीए३ च्या नऊ प्रौढ रुग्णांना एकेका डोळ्यात जनुक दिलं. २०२० मध्ये निकाल आला: उपचार सुरक्षित, नजरेत थोडी सुधारणा. थोडीच.

रंग दिसले का? जेरुसलेममध्ये उपचार झालेल्या चार जणांची बारकाईने तपासणी झाली, २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. उपचार केलेल्या डोळ्याला लाल रंग इतर करड्या छटांपेक्षा काहीतरी वेगळा भासू लागला होता, पार्श्वभूमीपासून सुटा झाल्यासारखा. आपल्याला दिसतो तसा लाल तो नव्हे. जन्मभर रंग न पाहिलेल्या मेंदूला डोळ्याकडून एक नवी खबर आली, आणि तिला काय म्हणायचं हे मेंदूला ठाऊक नव्हतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दार दुरुस्त झालं तरी पलीकडे वाट बघणारं कुणी हवं. म्हणूनच उपचार लवकर व्हायला हवा, मेंदू शिकण्याच्या वयात. आणि म्हणूनच निदान त्याच्याही आधी व्हायला हवं.

अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये वंशागत अंधत्वावरच्या पहिल्या जनुकोपचाराला परवानगी मिळाली. तो आयनमार्गाच्या दोषावरचा नाही, आरपीई६५ या दुसऱ्या जनुकावरचा आहे. त्याची तिथली किंमत दोन डोळ्यांना साडेआठ लाख डॉलर लावली गेली. हा आकडा मी या सभागृहात मुद्दाम उच्चारतो. कारण नागपूरच्या आसपासच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत, जी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, साडेसातशे प्रौढांमागे एकाला रेटिनायटिस पिगमेंटोसा आढळला. जगात तो साधारण चार हजारांत एक धरतात. साडेसातशे प्रौढ माणसं म्हणजे एक गाव. गावामागे एक.

असं का? एक कारण आपण सगळे जाणतो आणि बोलत नाही. आपल्याकडे मामाच्या मुलीवर आतेभावाचा हक्क मानला जायचा, कित्येक घरांत आजही मानतात. या आजारांपैकी बरेच असे आहेत की आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही सदोष प्रती आल्या तरच मूल आजारी पडतं. परक्या घरात तीच सदोष प्रत असण्याचा संभव फार कमी. एकाच आजोबांच्या नातवंडांत तो बराच वाढतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक हा धोका असतो. 'पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तिन्ही चांगली' असा हिशेब लोक करतात. तो चुकीचा आहे. दर वेळी नव्याने चारात एक. मी नातीगोती तोडा म्हणत नाही. ठरवण्याआधी तपासा, एवढंच म्हणतो. घरात आधी कुणाला रात्री दिसत नव्हतं, कुणाला ऊन सोसत नव्हतं, हे सोयरीक जमवताना लपवू नका.

आणि तोवर? तोवर गडद तांबूस चष्मा, कडा असलेली टोपी, वर्गात खिडकीकडे पाठ करून बसायची जागा, मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका, जादा वेळ. शंकुपेशीचा दोष असलेलं मूल एवढ्यावर पदवीपर्यंत जातं. रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेल्या मुलाला पांढरी काठी दृष्टी शिल्लक असतानाच शिकवायची, संपल्यावर नव्हे. आणि जनुकतपासणी करून सदोष जनुकाचं नाव काढून घ्यायचं, म्हणजे उद्या त्या जनुकावर उपचाराची चाचणी निघाली तर आपलं मूल त्या यादीत असेल.

आता सरांच्या आईची गोष्ट. ही सरांनीच मला सांगितली, मी मेडिकलला होतो तेव्हा, अशाच एका संध्याकाळी त्यांना घरी सोडताना. मी नुकताच त्या आजाराचा धडा वाचला होता आणि उत्साहाने त्यांना समजावत होतो की हे जनुकातून येतं, दोन्हीकडून येतं, यात कुणी काही केलेलं नसतं. सर बराच वेळ बोलले नाहीत. हात खांद्यावर तसाच होता. मग म्हणाले, ते आईच्या पोटात असताना ग्रहण लागलं होतं. सासू देवळात गेली होती आणि घरात भुकेली माणसं होती, म्हणून आईने विळी घेऊन भाजी चिरली. सरांना दिसत नाही हे लक्षात आल्यावर घरातल्या बायांनी तिला त्या विळीची आठवण करून दिली. मग पुढे पन्नास वर्षं, तिच्या आयुष्यातलं शेवटचं ग्रहण येईपर्यंत, ती माउली प्रत्येक ग्रहणात अंधाऱ्या खोलीत हात मांडीवर ठेवून, पाण्याचा थेंबही न घेता बसून राहायची.

"ती असताना तू हे शिकला असतास तर," सर म्हणाले, "तिला सांगितलं असतं." आणि पायरी आली म्हणून त्यांनी माझा खांदा जरा घट्ट धरला.